मोजकेच कपडे, पण मापात: बेताच्या पैशांत ऑफिसचं कपाट कसं जमवावं

नोकरी लागली की कपड्यांवरचा खर्च बहुधा उलट्या क्रमाने होतो. आधी सेलमधून पाच-सहा शर्ट येतात, मग त्यांवर जातील अशा पँटी शोधल्या जातात, उरल्यासुरल्या पैशांत बूट घेतले जातात आणि शिंप्याकडे जायची वेळ येते तेव्हा पाकीट रिकामं झालेलं असतं. मीही हेच केलं. सहा शर्टांपैकी चार खांद्यावरून अर्धा-पाऊण इंच खाली उतरत होते आणि खांदा ही कोणत्याही शिंप्याला सहज दुरुस्त करता न येणारी जागा असते, हे मला शर्ट घेतल्यानंतर कळलं. दोन वर्षांनी मी सगळं कपाट पुन्हा जमवलं. या वेळी खर्च कमी झाला आणि त्यातले बरेच कपडे मी अजून वापरते. फरक फक्त क्रमाचा होता. तो क्रम इथे सविस्तर लिहिते आहे.

माणूस कपड्यांवरून जोखू नये हे खरंच, पण तो जोखला जातो. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली एक प्रयोगमालिका प्रसिद्ध केली. त्यात लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवून ही व्यक्ती किती कर्तबगार वाटते, असं विचारलं होतं. तोच चेहरा जरा सुस्थितीतल्या माणसाचे वाटणारे कपडे घालून दिसला की त्याला जास्त गुण मिळत. फोटो जेमतेम १२९ मिलिसेकंद दिसला तरी हेच होत होतं. कपड्यांकडे लक्ष देऊ नका असं बजावल्यावरसुद्धा निकाल फारसा बदलला नाही. हा अन्याय आहे आणि ज्याच्याकडे पैसे कमी, त्यालाच तो जास्त सोसावा लागतो. म्हणून मला हा विषय चैनीचा वाटत नाही. सुदैवाने कपडे 'चांगले' दिसतात ते बऱ्याच अंशी माप, इस्त्री आणि स्वच्छ बुटांमुळे. या तिन्ही गोष्टी स्वस्तात होतात.

पायरी १: खरेदीआधी कपाट रिकामं करा

सगळे कपडे पलंगावर काढा. प्रत्येक कपडा अंगावर घालून आरशासमोर उभे राहा, दोन्ही हात वर करा, खुर्चीत बसा, वाकून बुटाची नाडी बांधल्यासारखं करा. मग तीन ढीग करा: जसेच्या तसे चालणारे, दुरुस्तीने चालणारे आणि ऑफिसला न चालणारे. तिसऱ्या ढिगातल्या प्रत्येक कपड्यापुढे तो का घातला जात नाही याचं कारण वहीत लिहा. 'काखेत काचतो', 'यावर जाणारी पँटच नाही', 'दोन धुण्यांत विटला'. ही यादी खरेदीला जाताना खिशात ठेवा, कारण आपण तीच ती चूक पुन्हा पैसे देऊन विकत आणत असतो.

सोबत दोन आठवड्यांच्या कामाचीही नोंद ठेवा. किती दिवस टेबलापाशी बसून काम असतं, किती वेळा बाहेरच्या लोकांना भेटावं लागतं, किती वेळ उभं राहावं किंवा चालावं लागतं? महिन्यातून एकदाच औपचारिक बैठक असेल तर तीन जॅकेटं घेण्यात अर्थ नाही. आपल्याहून एक पायरी वरच्या पदावरची माणसं रोज काय घालतात हेही पाहून ठेवा. पोशाखाचे लेखी नियम बहुतेक ठिकाणी नसतात, पण न लिहिलेले नियम सगळीकडे असतात.

पायरी २: पैशांची वाटणी आधीच करा

एकूण रक्कम कितीही असो, मी तिचे चार भाग करते. साधारण पाव भाग बुटांना, तितकाच पँटी किंवा स्कर्टना, एक तृतीयांश शर्ट, टॉप आणि जॅकेटला आणि उरलेला, म्हणजे सुमारे सहावा भाग, शिंप्याच्या मजुरीला आणि निगेच्या वस्तूंना. हा शेवटचा भाग आधी बाजूला काढून ठेवायचा. तो पुढे उरेल अशी आशा धरली तर उरत नाही.

कपडा महाग की स्वस्त हे लेबलवर कळत नाही. किमतीला तो किती वेळा घातला जाईल त्या संख्येने भागा. एक पँट साठेक वेळा घातल्यावर मांड्यांपाशी गोळे धरून खराब होते. दुसरी दुप्पट किमतीची आहे, पण आठवड्यातून दोनदा या हिशेबाने तीन वर्षं, म्हणजे तीनशे वेळा चालते. दुप्पट पैशांत पाचपट वापर मिळाला, म्हणजे दुसरी पँटच स्वस्त पडली. मात्र हे गणित रोजच्या वापरातल्या कपड्यांनाच लावा. वर्षातून तीनदा अंगावर चढणाऱ्या ठेवणीतल्या जॅकेटचं याच हिशेबाने समर्थन करता येत नाही. ते उसनं किंवा वापरलेलं मिळत असेल तर तेच बरं.

पायरी ३: रंग कमी करा

मोजके कपडे एकमेकांशी जुळवून भरपूर जोड्या करायच्या ही कल्पना नवी नाही. १९७० च्या दशकात लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी ती मांडली. न्यू यॉर्कच्या डिझायनर डोना कॅरन यांनी १९८५ साली नोकरदार स्त्रियांसाठी सात सोप्या कपड्यांचा संच आणला आणि तेव्हापासून ती जगभर रुजली. त्यामागचा हिशेब सोपा आहे: पाच वरचे आणि तीन खालचे कपडे असले की पंधरा जोड्या होतात. पण प्रत्येक वरचा कपडा प्रत्येक खालच्यावर जात असेल तरच. एक भडक छापील शर्ट एकाच पँटवर जात असेल तर पंधराच्या तेरा होतात.

म्हणून एक गडद आधाररंग धरा: नेव्ही निळा किंवा कोळशासारखा करडा. खालचे कपडे आणि जॅकेट त्याच्या आसपासचे घ्या. वरचे कपडे पांढरे, फिकट निळे, मोतिया अशा हलक्या रंगांत. मग आपल्या आवडीचा एकच जिवंत रंग निवडा, मरून, बाटलीहिरवा, जो असेल तो, आणि तो एक-दोन कपड्यांपुरताच ठेवा. काळा रंग सगळ्यांना सोपा वाटतो, पण कमी पैशांत तोच अवघड जातो. स्वस्त काळा लवकर विटून तपकिरी किंवा करडा दिसू लागतो, त्यावर प्रत्येक धागा-केस उठून दिसतो आणि दोन दुकानांतले दोन काळे एकत्र घातले की वेगळे असल्याचं लगेच कळतं. रंग नेहमी दिवसाच्या उजेडात पाहा. दुकानातल्या दिव्याखाली तंतोतंत जुळलेले दोन रंग बाहेर आल्यावर वेगळे दिसू शकतात, कारण रंगद्रव्यं निरनिराळ्या प्रकाशात निरनिराळी वागतात.

पायरी ४: माप

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. महागडा ढगळ शर्ट साध्या पण अंगाला बसणाऱ्या शर्टापुढे फिका पडतो, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता मला त्यात शंका उरलेली नाही.

आपल्या कपाटातला सर्वांत नीट बसणारा शर्ट आणि पँट टेबलावर सपाट पसरून मापं घ्या: खांद्याच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंत, काखेखाली छाती, बाहीची लांबी, कंबर, मांडी, आसन (कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंत), मोहरी (पँटच्या खालच्या तोंडाची रुंदी). ही मापं फोनमध्ये साठवा. लेबलवरचे मध्यम, मोठा किंवा आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. घरबसल्या कपडे मागवताना तर लेबलावर विसंबूच नका, तिथे दिलेला मापांचा तक्ता आपल्या मापांशी ताडून पाहा.

अंगावर घातल्यावर पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. शर्टाची खांद्याची शिवण खांद्याचं हाड संपतं तिथेच यायला हवी. कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जावीत. बाही मनगटाच्या हाडापर्यंत यावी. जॅकेट घातलं असेल तर शर्टाचा कफ सुमारे एक सेंटिमीटर बाहेर दिसावा. जॅकेटचं बटण लावल्यावर तिथून फुलीसारख्या सुरकुत्या निघाल्या तर ते तंग आहे. पँट पट्ट्याशिवाय कमरेवर थांबावी. खिशांची तोंडं कानांसारखी बाहेर उघडत असतील तर ती नितंबांवर तंग आहे, आणि बैठकीखाली कापड लोंबत असेल तर सैल. शर्ट घालणाऱ्या अनेक स्त्रियांना छातीवरच्या दोन बटणांमध्ये फट पडण्याचा त्रास होतो. त्यावर उपाय एकच: शर्ट छातीच्या मापाने घ्यायचा आणि कंबर शिंप्याकडून आत घ्यायची. कमरेच्या मापाने घेतलेला शर्ट छातीवर सैल करता येत नाही.

आता शिंप्याला काय जमतं आणि काय नाही ते समजून घ्या, कारण दुकानात 'हे नंतर करून घेऊ' म्हणताना याचीच गरज पडते. पँट आखूड करणं, कंबर थोडी आत घेणं, शर्टाच्या बाजू आवळणं, पाठीवर दोन डार्ट (आत शिवलेल्या चुण्या) टाकणं, बाही आखूड करणं ही सगळी सोपी कामं आहेत. जॅकेटचे खांदे, जॅकेटची लांबी, पँटचं आसन आणि शर्टाची कॉलर मोठी करणं या गोष्टी एक तर होत नाहीत किंवा त्यांना कपड्याच्या किमतीइतकी मजुरी लागते. सैल करणं तर पूर्णपणे मायेवर, म्हणजे शिवणीत आत सोडलेल्या जादा कापडावर, अवलंबून असतं. पँट उलटी करून मागची मधली शिवण पाहा. तिथे दोन-तीन सेंटिमीटर जास्तीचं कापड सोडलेलं असेल तर पुढे वजन वाढलं तरी पँट वाचते. माया कापून टाकलेली असेल तर तो कपडा आजच्या अंगापुरताच. दोन मापांमध्ये अडकलात तर मोठं घ्या, कारण आत घेणं जवळपास नेहमीच जमतं.

शिंप्याकडे जाताना जे बूट त्या पँटवर घालणार ते पायात असू द्या. बूट बदलले की पँटची लांबी बदलते.

पायरी ५: कापड आणि शिवण हाताने तपासा

आधी आतलं लेबल वाचा. सुती कापड घाम शोषतं, पण चुरगळतं. पॉलिएस्टर चुरगळत नाही, मात्र त्वचेवरचं तेल धरून ठेवतं, त्यामुळे धुतल्यावरही त्याला वास राहू शकतो. दोन्हींचं मिश्रण इस्त्रीला सोपं पडतं, पण त्यावर गोळे येतात: मऊ धागे तुटून गुंडाळले जातात आणि चिवट पॉलिएस्टरचे धागे ते गोळे सोडत नाहीत. व्हिस्कोस अंगावर छान पडतं, मात्र ओलं झालं की त्याची ताकद घटते, तेव्हा ते पिळू नका. पँटमध्ये दोन-तीन टक्के इलास्टेन (ताणला जाणारा धागा) असलं की बसायला सोयीचं होतं. जास्त असेल तर काही महिन्यांत गुडघ्यांना पोतं येतं. लोकरीच्या कापडावर 'सुपर १००', 'सुपर १५०' असे आकडे असतात. आकडा वाढला की धागा अधिक बारीक असतो, अधिक टिकाऊ नाही. रोजच्या वापराला १०० ते १२० पुरे. 'इस्त्री नको' म्हणून विकले जाणारे सुती शर्ट रसायनाची प्रक्रिया केलेले असतात. सोय खरी आहे, पण त्या प्रक्रियेने सुताची ताकद कमी होते आणि कॉलर-कफ लवकर झिजतात. मी असे दोनच ठेवते, प्रवासासाठी.

मग चार चाचण्या करा. कापड मुठीत दहा सेकंद घट्ट धरून सोडा. घड्या तशाच राहिल्या तर दुपारपर्यंत तुमची पँटही तशीच दिसेल. शर्टाचं कापड उजेडासमोर धरा, मागचा हात स्पष्ट दिसत असेल तर ते फार विरळ आहे. वजन लिहिलेलं असेल तर शर्टाला चौरस मीटरला ११० ते १४० ग्रॅम आणि पँटला २२० ते २८० ग्रॅम हे चांगलं प्रमाण. बाजूच्या शिवणीवर मोजपट्टी ठेवून एका इंचात किती टाके आहेत ते मोजा: आठ-नऊ असतील तर घाईचं काम, चौदा किंवा त्याहून जास्त असतील तर चांगलं. शेवटी तीच शिवण दोन्ही बाजूंनी हळूच ओढा. मधला धागा उघडा पडत असेल तर कपडा परत जागेवर ठेवून द्या. रेघांच्या किंवा चौकड्यांच्या शर्टात खिशावरच्या रेघा अंगाच्या रेघांशी जुळतात का, तेही पाहा. त्या जुळवायला जास्तीचं कापड आणि वेळ लागतो, म्हणून जुळल्या असतील तर बाकीचं कामही बहुधा मन लावून केलेलं असतं.

जॅकेटसाठी एक खास चाचणी आहे. सगळ्यात खालच्या काजाच्या थोडं खाली बाहेरचं कापड आणि आतली पट्टी चिमटीत धरून वेगवेगळ्या दिशेने हलकेच ओढा. मधे एक सुटा, तरंगता थर बोटांना जाणवला तर आत कॅनव्हास, म्हणजे जाड कापडाचा आधार, शिवलेला आहे. न जाणवल्यास थर डिंकासारख्या द्रव्याने चिकटवलेला आहे. बेताच्या किमतीत चिकटवलेलंच मिळतं आणि त्यात वाईट काही नाही, फक्त उष्णता आणि ओल त्याच्या मुळावर येतात. समोरच्या भागावर फुगे आले की ते जात नाहीत.

पायरी ६: टप्प्याटप्प्याने घ्या

पहिल्या महिन्यात दोन गडद पँटी किंवा स्कर्ट, तीन हलक्या रंगाचे शर्ट आणि बुटांचा एक जोड. एवढ्यावर सहा जोड्या होतात आणि आठवडा निघतो. त्यानंतर महिनाभर काहीच घेऊ नका. रोज काय घातलं आणि काय कमी पडलं ते लिहा. दुसऱ्या टप्प्यात जॅकेट किंवा कार्डिगन, तिसरी पँट आणि आणखी दोन शर्ट. तिसऱ्यात बुटांचा दुसरा जोड. आवडीच्या रंगाचा तो एक कपडा शेवटी.

जॅकेट आणि लोकरीचे कपडे वापरलेले घ्यायला मी मनापासून सुचवते. नव्यात परवडणार नाही असं कापड त्यात हाती लागतं. खांदे बसतात का ते आधी पाहा, ते बसत असतील तरच पुढे जा. मग काख, कॉलरची आतली बाजू, अस्तराच्या शिवणी तपासा आणि कापड उजेडात धरून कसरीने खाल्लेली भोकं शोधा. शर्ट आणि बूट मात्र नवेच घ्या. शर्टाची कॉलर आधीच झिजलेली असते आणि बुटाचं आतलं तळ पहिल्या मालकाच्या पायासारखं झालेलं असतं.

पायरी ७: बूट

बूट संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी बरोबर बसलेला जोड संध्याकाळी चावतो. सर्वांत लांब बोटाच्या पुढे साधारण एक सेंटिमीटर जागा असावी आणि चालताना टाच वर निसटू नये. तळ नुसता चिकटवलेला आहे की शिवलेला, हे विचारा. शिवलेला तळ झिजल्यावर बदलता येतो, वरचं चामडं वर्षानुवर्षं चालतं. एकच जोड रोज घालू नका. घामाने ओलं झालेलं चामडं सुकायला निदान एक दिवस लागतो, म्हणून दोन जोड आलटून पालटून वापरले तर दोन्ही मिळून जास्त टिकतात. आत वर्तमानपत्राचे बोळे घातले तरी ओल ओढली जाते आणि आकार राहतो. टाचेचा रबरी तुकडा वेळीच बदलून घ्या. तो झिजून आतली टाच घासू लागली की दुरुस्तीचा खर्च एकदम वाढतो.

पायरी ८: निगा

शर्ट उलटा करून, सगळी बटणं सोडून, थंड किंवा कोमट पाण्यात धुवा. काखेतले पिवळे डाग बहुतेकदा घाम आणि घाम रोखणाऱ्या उत्पादनांतले ॲल्युमिनियमचे क्षार मिळून होतात. असं उत्पादन लावल्यावर पूर्ण सुकू द्या, मगच शर्ट घाला. रक्त, अंडं, दूध यांचे डाग गरम पाण्यात पक्के होतात, त्यांना आधी थंड पाणी. तेलाच्या डागावर भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब. इस्त्री शर्ट किंचित ओलसर असतानाच करा: आधी कॉलर, टोकांकडून मध्याकडे, मग कफ, बाह्या आणि शेवटी अंग.

लोकरीचं जॅकेट सारखं ड्रायक्लीनला टाकू नका. वापरल्यावर ब्रश फिरवा, रुंद खांद्याच्या हँगरवर एक दिवस मोकळ्या हवेत ठेवा, सुरकुत्यांना वाफ द्या. बरेच दिवस ठेवून देण्याआधी मात्र ते स्वच्छ केलेलंच असावं. कसरीच्या अळ्या लोकरीतलं केराटिन खातात आणि घाम-डागांचे कपडे त्यांना अधिक आवडतात. विणलेले स्वेटर टांगू नका, घडी घाला, नाहीतर खांदे ओघळतात.

नवीन कपडा आणला की त्याच दिवशी बटणं तपासा आणि सैल असलेली पुन्हा शिवून घ्या. आत शिवलेलं जादा बटण काढून डबीत ठेवा. आणि शर्टाची कॉलर घडीवर झिजली म्हणून तो टाकून देऊ नका. अंग अजून धड असेल तर शिंप्याला कॉलर उलटवून द्यायला सांगा. तो ती उसवतो, झिजलेली बाजू खाली घेतो आणि पुन्हा बसवतो. मी पहिल्यांदा कॉलर उलटवून घेतलेला फिकट निळा शर्ट त्यानंतर आणखी दोन वर्षं बैठकींना वापरला.